शाळा नाही, शहर नवं : घरी शिकणाऱ्या मुलाला वाशिमसारख्या गावात मित्र कसे मिळतात?

बदली झाली, नोकरी बदलली किंवा वडिलांची शेती सांभाळायला गावाकडे परतायचं ठरलं, की घरातलं सामान ट्रकमध्ये भरता येतं. मुलाचे मित्र मात्र जुन्याच शहरात राहतात. शाळेत जाणाऱ्या मुलाचं नुकसान लवकर भरून निघतं. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी त्याला वर्गभर मुलं भेटतात. डबा कोणासोबत खायचा हा प्रश्न आठवड्याभरात सुटतो.

घरी शिकणाऱ्या मुलाला हा वर्ग मिळत नाही. पुण्या-मुंबईत गृहशिक्षण करणारी कुटुंबं एकमेकांना शोधून काढतात, ठरवून भेटतात. वाशिम, रिसोड, मंगरुळपीर किंवा कारंज्यात घर केलं, तर आसपास असं दुसरं कुटुंब सापडेलच असं नाही. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्ह्यात सहा तालुके आहेत, आणि २०११ च्या जनगणनेत वाशिम शहराची लोकसंख्या ७८ हजारांच्या आसपास होती. म्हणजे इथे मित्र मिळणार ते शाळेत जाणाऱ्या मुलांमधूनच. ते कसे, हे समजून घेऊ.

गृहशिक्षण आणि कायदा : थोडक्यात

मुलाला शाळेत न घालता पालकांनी घरीच शिकवणं म्हणजे गृहशिक्षण. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कलम १० नुसार मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. पण त्या कलमात पालकांसाठी शिक्षेची तरतूद नाही आणि गृहशिक्षणासाठी वेगळी परवानगीही कायद्यात दिलेली नाही.

परीक्षेचे रस्ते उपलब्ध आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणजे एनआयओएस, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ, आणि सगळ्यांना माहीत असलेला दहावी-बारावीचा '१७ नंबरचा फॉर्म'. घरी शिकून पुढे जाता येतं याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे मुंबईची मालविका राज जोशी. बारावीचं प्रमाणपत्र नसताना, संगणक ऑलिम्पियाडमधल्या पदकांच्या जोरावर तिला २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला.

थोडक्यात, अभ्यासाची सोय लावता येते. मित्रांसाठी मात्र कुठलाही फॉर्म भरता येत नाही.

मैत्री नेमकी कशाने होते?

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले संशोधक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकत्याच नव्या गावी राहायला गेलेल्या लोकांना आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी नव्या ओळखींबद्दल विचारलं. नुसती ओळख साध्या मैत्रीत बदलायला साधारण ५० तास, खरी मैत्री व्हायला ९० तास आणि जिवलग व्हायला २०० तासांहून जास्त सहवास लागतो, असा त्यांचा अंदाज निघाला. एकत्र काम करण्यात गेलेल्या तासांपेक्षा रिकामपणी सोबत घालवलेले तास जास्त उपयोगी ठरले.

हा अभ्यास मोठ्यांचा आहे. मुलांची गट्टी कितीतरी लवकर जमते. तरी एक साधा हिशेब करून बघा :

- महिन्यातून एकदा दोन तासांचा कार्यक्रम : ५० तास व्हायला २५ महिने.
- आठवड्यातून दोन तासांचा वर्ग : २५ आठवडे, म्हणजे जवळपास सहा महिने.
- आठवड्यातले पाच दिवस रोज एक तास त्याच मुलांसोबत खेळ : १० आठवडे.

म्हणजे मुलाला घेऊन फिरावं लागतं, नवनवे कार्यक्रम शोधावे लागतात, हा समज बाजूला ठेवा. तीच जागा, तीच वेळ, तीच मुलं एवढं जमलं की बाकीचं मुलं करतात. शाळा हेच काम फुकटात आणि न सांगता करते. गृहशिक्षण करणाऱ्या पालकांना ते जाणीवपूर्वक करावं लागतं.

घर कुठे घ्यायचं?

अजून घर ठरलं नसेल तर हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास केला होता. तो १९५० मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात दिसलं की लोकांची मैत्री मुख्यतः अगदी शेजारच्या दाराशी झाली होती. दोन-चार दारं पलीकडे गेलं की ती कमी होत गेली. जिन्याजवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर जास्त ओळख होती, कारण येता-जाता लोक भेटत होते.

आपल्याकडे याचा अर्थ सोपा आहे. गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये मोठं, मोकळं घर मिळतं, पण शेजारचे चार प्लॉट रिकामे असतात. गावातल्या गल्लीत घर लहान मिळेल, पण दार उघडलं की मुलं दिसतील. भाडं ठरवण्याआधी संध्याकाळी साडेपाचला त्या गल्लीत एक चक्कर मारा. मुलं बाहेर खेळताना दिसली, तर तुमचं अर्धं काम झालं.

वाशिमचं घड्याळ ओळखा

घरी शिकणारं मूल सकाळी अकराला मोकळं असतं, तेव्हा गल्ली रिकामी असते. त्यामुळे मुलाचा दिवस गल्लीच्या घड्याळाला जुळवून घ्यावा लागतो.

- रोज : बहुतेक शाळा पाचच्या सुमारास सुटतात आणि त्यानंतर अनेक मुलांची ट्युशन सुरू होते. मधला तास-दीड तास हीच खरी खेळायची वेळ. त्या वेळेत तुमच्या मुलाचा अभ्यास, बाजार किंवा पाहुणे ठेवू नका.
- शनिवार : बऱ्याच शाळा शनिवारी सकाळच्या असतात. दुपारनंतरचा वेळ मोकळा मिळतो.
- उन्हाळा : एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो. खेळ पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. दुपारी एखाद्याच्या घरात कॅरम, पत्ते, सापशिडी. तुमच्या घरी कूलर आणि माठातलं पाणी असेल तर मुलं आपोआप येतात.
- जून : विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. गल्लीत खेळणारी निम्मी मुलं मामाच्या गावाला आलेली पाहुणी असतात. तुमच्या मुलाचा दोस्त जूनमध्ये आपल्या गावी निघून गेला, तर त्याला दुसऱ्यांदा मित्र तुटल्यासारखं वाटतं. म्हणून एखादा तरी मित्र इथेच राहणारा आहे ना, हे आधीच बघा.

खेळात शिरायचं कसं?

चालू खेळात नवीन मूल कसं शिरतं, यावर मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांनी १९८१ मध्ये अभ्यास मांडला होता. जी मुलं खेळ थांबवून प्रश्न विचारतात, स्वतःबद्दल सांगत बसतात किंवा 'असं नाही, तसं खेळायचं' म्हणतात, त्यांना बाकीचे टाळतात. चालू असलेल्या खेळाला धरून बोलणाऱ्या, वागणाऱ्या मुलांना आत घेतलं जातं.

हे घरी मुलासोबत बोलून ठेवता येतं :

१. आधी ओट्यावर बसून पाच-दहा मिनिटं खेळ बघायचा. नियम कळून घ्यायचे. प्रत्येक गल्लीचे क्रिकेटचे नियम वेगळे असतात. भिंतीला लागला तर दोन रन, नालीत गेला तर आउट!
२. उपयोगी पडायचं. लांब गेलेला बॉल आणून द्यायचा. लगोरीचे दगड रचून द्यायचे.
३. मग एकच छोटं वाक्य : "मी फिल्डिंग करू का?" बॅटिंग पहिल्या दिवशी मागायची नाही.
४. नाही म्हणाले तर रुसून घरी यायचं नाही. उद्या पुन्हा त्याच वेळी जायचं.

बॅट-बॉल आपला असेल तर प्रवेश लवकर मिळतो, हे खरं. पण 'माझी बॅट, मीच कॅप्टन' असं झालं की तेवढ्याच लवकर बाहेरही पडावं लागतं.

"तू काय करून राहिला बे?"

पुण्याहून आलेलं मूल पहिल्यांदा हे ऐकतं तेव्हा त्याला वाटतं, समोरचा भांडतोय. खरं तर तो प्रेमाने विचारत असतो. वऱ्हाडी बोलीत 'मला'चं 'मले' होतं, 'तुला'चं 'तुले', 'डोळा'चा 'डोया'. 'बे' हा शब्द बरोबरीच्या दोस्ताला वापरतात, मोठ्यांना नाही. हे मुलाला आधीच सांगा, आणि त्याच्या तोंडी वऱ्हाडी शब्द आले की 'नीट बोल' म्हणून टोकू नका. बोली उचलणं ही मैत्रीची पहिली खूण असते.

वाशिम जिल्ह्यात बंजारा समाजही मोठा आहे. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे या समाजाचं मोठं श्रद्धास्थान. तांड्यावरच्या मुलांची घरची भाषा गोरमाटी असते आणि मराठी तीही बाहेर येऊनच शिकलेली असतात. अशा मुलाशी तुमच्या मुलाची लवकर जमू शकते, कारण दोघांनाही 'इथलं बोलणं' शिकावं लागलेलं असतं. इतर घरांत हिंदी, उर्दू ऐकू येईल. कोणाच्या घरी जायचं आणि कोणाच्या नाही, अशी यादी जात-धर्म बघून पालकांनीच केली, तर आधीच कमी असलेली मुलं आणखी कमी होतात.

"कोणत्या शाळेत आहेस?" याचं उत्तर तयार ठेवा

हा प्रश्न रोज येणार. मुलं विचारतील, काकू विचारतील, किराणा दुकानदार विचारेल. विदर्भात 'शाळेत जात नाही' याचा सरळ अर्थ लोक असा घेतात, की नापास झाला, आजारी आहे, नाहीतर घरची परिस्थिती नाही. मूल अडखळलं की शंका वाढते आणि चिडवणं सुरू होतं.

उत्तर छोटं हवं : "मी घरीच शिकतो. दहावीची परीक्षा बाहेरून देणार." बाहेरून परीक्षा देणं सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे विषय तिथेच संपतो. मग लगेच खेळाकडे वळायचं : "आज कोणाची बॅटिंग?" शाळा वाईट असते, मार्क निरुपयोगी असतात, असं भाषण मुलाने देऊ नये आणि पालकांनीही देऊ नये. समोरच्या मुलाला रोज त्याच शाळेत जायचं असतं.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक दारी आले तर घाबरू नका, वादही घालू नका. जन्मदाखला, आधार, जुन्या शाळेचा दाखला असल्यास तो, मुक्त विद्यालयाची नोंदणी आणि मुलाच्या वह्या एका फाइलमध्ये ठेवा. सर किंवा बाईंना चहा द्या, नीट समजावून सांगा. गल्लीतली निम्मी मुलं त्यांच्याच वर्गात असू शकतात.

सण म्हणजे आयती संधी

पोळा श्रावण अमावस्येला येतो. विदर्भात दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. लाकडी बैल सजवून घरोघरी न्यायचा. तुमच्या मुलाला एक बैल घेऊन द्या, म्हणजे त्या एका दिवसात त्याला गल्लीतली सगळी घरं कळतील. मग गणपती येतात. मंडळाच्या वर्गणीपासून आरतीपर्यंत मुलांना कामं असतात आणि तिथे शाळा कोणी विचारत नाही.

मुलींसाठी सर्वांत चांगला सण भुलाबाईचा. पश्चिम महाराष्ट्रातल्या भोंडल्याची ही वऱ्हाडातली बहीण. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुली घरोघरी जमून गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात, आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. त्याच मुली, तीच वेळ, महिनाभर. वरचा तासांचा हिशेब इथे आपसूक जमतो. अलीकडे काही ठिकाणी हा खेळ थोड्या दिवसांवर आला आहे, काही गल्ल्यांत बंदही पडला आहे. तुमच्या गल्लीत नसेल तर तुम्हीच भुलाबाई बसवा. खाऊ ओळखता येणार नाही असा ठेवा, मुली दुसऱ्या दिवशी नक्की येतात.

अकरा-बारा वर्षांच्या पुढे अनेक घरांत मुलींना संध्याकाळी बाहेर खेळू देत नाहीत. शाळेत जाणाऱ्या मुलीला मैत्रिणी वर्गात तरी भेटतात. घरी शिकणारीची तीही वाट बंद होते. म्हणून या वयातल्या मुलीसाठी घरात जमण्याची सोय, खेळाचा नियमित सराव किंवा संगीत-नृत्याचा वर्ग आधीपासून बांधून ठेवणं गरजेचं आहे.

वर्ग, मैदान, वाचनालय

वाशिममध्ये जिल्हा क्रीडा संकुल आहे. मुलाला कबड्डी, खो-खो, धावणं यातलं काही आवडत असेल तर रोजचा सराव हा गृहशिक्षणातला सर्वांत खात्रीचा उपाय आहे. खो-खोत नऊ जण मैदानात लागतात, त्यामुळे नवा खेळाडू सहसा कोणाला नकोसा होत नाही. तबला, चित्रकला, कराटे, अबॅकस असे वर्गही चालतात. फक्त लक्षात ठेवा, वर्गात मुलं मास्तरांकडे बघतात, एकमेकांकडे नाही. मैत्री वर्गाच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा मिनिटांत होते. म्हणून मुलाला वेळेआधी पोहोचवा आणि सुटल्यावर लगेच गाडीवर बसवू नका.

सार्वजनिक वाचनालयात एकच दिवस ठरवून जा. तीच मुलं पुन्हा दिसली की पुस्तकावरून बोलणं निघतं.

वयाप्रमाणे काय बदलतं?

- ५ ते ८ : 'सोबत खेळतो तो मित्र' एवढीच व्याख्या असते. आईने शेजारच्या काकूंशी ओळख केली की मुलांचं होतं.
- ९ ते १२ : आता एक-दोन 'पक्के' मित्र हवे असतात. गट मोठा असण्यापेक्षा एकाच मुलाला वारंवार घरी बोलावणं उपयोगी पडतं.
- १३ च्या पुढे : पालकांनी जुळवून दिलेली मैत्री मुलं नाकारतात. इथे आवड जोडते. सायकल, बुद्धिबळ, क्रिकेट, शेतातली कामं, मोबाइलवर व्हिडिओ बनवणं. तुम्ही फक्त वेळ, सायकल आणि थोडी मोकळीक द्या.

जुने मित्र तोडू नका. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल, सुट्टीत एकमेकांकडे जाणं चालू ठेवा. पण दिवसभर जुन्याच मित्रांशी फोनवर खेळ चालला, तर संध्याकाळी पाचला गल्लीत उतरायची गरज मुलाला वाटत नाही. त्या वेळेत फोन घरात राहू द्या. ऑनलाइन ओळख झालेला कोणी फोटो मागत असेल किंवा भेटायला बोलावत असेल, तर ते लगेच घरी सांगायचं, हेही मुलाशी बोलून ठेवा.

काळजी कधी करायची?

पहिले एक-दोन महिने मूल उदास असणं साहजिक आहे. त्याचे मित्र खरोखरच सुटलेले आहेत. 'होतील नवे' म्हणून विषय बदलू नका. त्याला जुन्या मित्रांबद्दल बोलू द्या. काही मुलांना एकच मित्र पुरतो, त्यांना गर्दीत ढकलायची गरज नसते.

पण संधी असूनही मूल आठवड्यामागून आठवडे बाहेर पडत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, बाहेर जायच्या वेळी रोज पोट दुखत असेल किंवा 'मी कोणालाच आवडत नाही' असं वारंवार म्हणत असेल, तर मदत घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. मुलांना त्रास किंवा छळ होत असेल तर १०९८ वर फोन करता येतो.

आणि मुलानेच शाळा मागितली तर?

घरी शिकणं हा पालकांनी घेतलेला निर्णय असतो. तो मुलाच्या भल्यासाठी घेतलेला असतो, हेही खरं. पण मोठ्या शहरात जमलेली गोष्ट नव्या गावात तशीच जमेल असं नाही. तिथे गृहशिक्षणाचा गट होता, आठवड्याच्या भेटी होत्या. इथे मूल दिवसाचे आठ तास एकटं आहे.

सहा महिने वरचे उपाय नेटाने करूनही मूल 'मला शाळेत जायचं आहे' म्हणत असेल, तर ते ऐका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार सहा वर्षांवरच्या, शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मध्येच शिक्षण सुटलेल्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षणाचा हक्कही आहे. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. एक वर्ष शाळेत जाऊन पुन्हा घरी शिकायला कोणाची आडकाठी नसते.

असं केल्याने तुमचं गृहशिक्षण फसलं असं होत नाही. शाळा, गल्ली, मैदान, भुलाबाई यांतलं जे तुमच्या मुलाला रोज त्याच मुलांमध्ये नेऊन बसवेल, ते निवडा. संध्याकाळी पाच वाजता दारात येऊन कोणी त्याला नावाने हाक मारली, की तुम्ही नव्या गावात खऱ्या अर्थाने राहायला आलात असं समजा.